झांज कुठं गेली

आमच्या ह्यांनी स्पीकरची तिसरी जोडी परत पाठवली, तेव्हा शेजारच्या गोजरबाईने मला विचारलं, "पेट्या बघत्यात का पोरीसाठी स्थळं बघत्यात?" तिचं काही चुकलं नव्हतं. स्थळं बघतानासुद्धा माणूस इतकी नाकं मुरडत नाही.

शहात्तर साल होतं. आमच्या सोलापुरात डॉक्टर-वकिलांच्या घरी नुकते स्टिरिओ येऊ लागले होते. शुक्रवार पेठेत शिवयोगीचं रेडिओचं दुकान होतं. हा पोरगा मूळचा अक्कलकोटचा. स्पीकरच्या लाकडी पेट्या तो स्वतः बनवायचा आणि मुंबईहून परदेशी मालही आणायचा. कुणाच्याही घरी पेटी पोचवण्याआधी तो ती आमच्या ह्यांना ऐकवायचा, असा त्याचा रिवाज. जोतीराममामांनी, म्हणजे ह्यांनी, मान हलवली की गिऱ्हाईकही मान हलवायचं. ह्यांनी तरुणपणापासून पेठेच्या भजनी मंडळात झांज वाजवलेली, त्यामुळे त्यांच्या कानाला मान होता. दुसरं काही मिरवावं असं आमच्याकडे नव्हतंच.

पारख करायची त्यांची पद्धत ठरलेली. पेट्या स्टुलावर ठेवायच्या, भिंतीपासून हातभर पुढे. समोरच्या भिंतीला सोलापुरी चादर टांगायची, म्हणजे आवाज उलटून येत नाही. मग पाटावर मांडी घालून, डोळे मिटून बसायचं. डोळे मिटले की कुणी हाका मारल्या तरी ओ द्यायचे नाहीत. तल्लीन झाले, असं आम्ही म्हणायचो. "पेटी ऐकू येता कामा न्हाय, गाणं ऐकू आलं पायजे," हे त्यांचं वाक्य शिवयोगी गिऱ्हाइकांना स्वतःचं म्हणून सांगायचा.

रेकॉर्डही एकच, भजनाची. सुरुवातीला नुसता पखवाज, मग गाणाऱ्या बाई, आणि तिसऱ्या कडव्याच्या आधी बाई श्वास घेतात तेव्हा मागे झांजेचा एकच बारीक ठोका. तो ठोका ज्या पेटीतून सुटा, स्वच्छ येईल ती पेटी खरी. बाकी सगळे डबे.

मिलमधून निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच हौस धरली होती, आपल्या घरी अशी एक खरी जोडी असावी. आयुष्यभर लोकांसाठी ऐकलं, आता स्वतःसाठी. मी हो म्हटलं. पण जोडी पसंत पडेल तर ना. पहिली शिवयोगीने स्वतः बनवलेली. हे म्हणाले, "झांज गिळली हिनं." दुसरी मुंबईची, तिलाही तेच. तिसरी जर्मन. मिलचा एक साहेब सोलापूर सोडताना दुकानात ठेवून गेला होता. तिला हात लावण्याआधी शिवयोगी हात धुवून यायचा. हे डोळे मिटून बसले, रेकॉर्ड संपली, डोळे उघडले आणि म्हणाले, "पखवाज चांगला हाय. झांज कुटं गेली?"

"इल्ला मामा, असं कसं हुईल," शिवयोगी कानडीवर घसरला. त्याने सुई बदलली, तारा काढून पुन्हा जोडल्या, पेट्या इकडच्या तिकडे केल्या. ह्यांनी पुन्हा ऐकलं आणि पुन्हा मान आडवी हलवली. "आता मालच बिगडलाय बग. पूर्वीसारखं कोण बनवीत न्हाय."

मी आत भाकरी थापत होते. मला चुलीपाशी झांज ऐकू आली होती. पण मी कोण? मला वाटलं, ह्यांना त्याहून बारीक काही ऐकायचं असेल. मी आपली चिडवायचं म्हणून दारात येऊन म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं." ते हसले, शिवयोगीही हसला. त्या हसण्याची आता मला चीड येते, माझ्यासकट सगळ्यांची.

इथे आमच्या घराची एक रीत सांगायला हवी. हे मिलमध्ये मागखात्यात आणि मी शेजारच्या कांड्या भरायच्या खात्यात. माग सुरू झाले की तिथे तोफ उडाली तरी कळणार नाही. त्यामुळे खात्यातली सगळी माणसं ओठांनी बोलतात. आवाज काढून उपयोगच नसतो. नुसता ओठ हलवायचा, समोरच्याने तो वाचायचा. मला दिवस गेले तेव्हा मधल्या दारात उभी राहून मी ह्यांना तसंच सांगितलं. त्यांना कळलं आणि चार माग पलीकडे उभ्या असलेल्या गोजरबाईलाही कळलं. संध्याकाळच्या आत मिलभर झालं. तेव्हापासून घरचं काही बोलायचं तर मी गोजरबाईच्या बाजूने तोंडावर पदर आडवा धरायला शिकले. ह्यांच्या बाजूने मात्र पदर कधी धरला नाही. मिलची ही सवय घरातही आली. आम्ही दोघं बोलतो ते समोरासमोर, तोंडाकडे बघत, शब्द सुटा सुटा करत. पाहुण्यांना ते प्रेम वाटतं.

जर्मन जोडी परत गेली आणि माझा घसा बसला. नुसता खरखरीत नव्हे, पार बंद. तोंड उघडलं तर वारा तेवढा यायचा. शिवयोगी दारात आला तर म्हणाला, "मामी, काय म्हणालासा? पुन्ना सांगा की." दूधवाल्याला मी बोटांनी हिशेब सांगितला. ह्यांच्याशी मात्र माझं रोजच्यासारखं चाललेलं. भाजी काय आणू, मेथी आणा. चहा टाकू का, टाक. एका चादरीवरून आम्ही भांडलोसुद्धा, आणि भांडण मीच जिंकले.

दुसऱ्या दिवशी गोजरबाई काढा घेऊन आली. "घसा लईच बसलाय की गं तुजा," ती म्हणाली.

हे पाटावर बसून शेंगा सोलत होते. त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "कुणाचा?"

"नागूचा. कालपासनं आवाज न्हाय तिला."

"कायतरीच तुजं. चांगली बोलतीय की," हे म्हणाले आणि पुन्हा शेंगा सोलायला लागले.

गोजरबाईने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. आम्ही दोघी मिलच्या. तिला सांगावं लागलं नाही आणि मलाही. तिने काढ्याचा पेला हळूच चुलीपाशी ठेवला आणि निघून गेली. 

मी स्वयंपाकघरात गेले आणि त्यांच्या पाठीमागे पितळी वाटी फरशीवर टाकली. ती गोल गोल फिरून थांबेपर्यंत त्यांची मान वळली नाही. मला फार भीती वाटली. मग भीतीहून जास्त राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना. मागांवर काढू? माग तर सगळ्यांचेच होते. आमच्या गल्लीत ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला नुसतं हसणारे म्हातारे आहेत, सगळे मागखात्यातले. मिलच्या दवाखान्यातला डॉक्टर त्यांच्या कानात बॅटरी मारून बघायचा आणि म्हणायचा, गेलेलं परत येत नाही. ते म्हातारे ह्यांना ठाऊक होते. पण आपला कान वेगळा, तो भजनातला, असं ह्यांना वाटत असणार. मलाही तसंच वाटत होतं.

सांगायचं कसं? कानाशिवाय ह्यांना दुसरा मान नाही. आणि सांगून होणार काय होतं? औषध असतं तर भांडून दवाखान्यात नेलं असतं. दोन दिवस मी त्यांच्यासमोर जेवण वाढत राहिले आणि ते "झांज कुटं गेली" हेच बोलत राहिले.

मग शिवयोगी हेडफोन घेऊन आला. काळे, जाड गादीचे, त्याच जर्मन साहेबी सामानातले. "मामा, आता भिंत न्हाय, रस्ता न्हाय, काय न्हाय. सरळ कानातच. हितं बी झांज न्हाय आली तर मी दुकान बंद करतो." तो हसत म्हणाला, पण त्याचा चेहरा ओढलेला होता. इतक्या दिवसांत त्याचाच स्वतःच्या कानावरचा विश्वास उडाला होता.

मला ते थांबवायचं होतं. मी पुढे झाले, पण बोलू काय? घसा अजून बंदच, माझं बोलणं त्या खोलीत कळणारा माणूस एकच होता आणि त्यालाच तर ते सांगायचं नव्हतं.

ह्यांनी हेडफोन चढवले, डोळे मिटले. पखवाज सुरू झाला असावा, कारण बोट मांडीवर चालायला लागलं. बाई गायला लागल्या असतील तेव्हा ओठ थोडे हलले. मग बोट थांबलं. ते वाट बघत होते. कपाळावर आठी आली, मग तीही गेली आणि चेहरा नुसता रिकामा झाला. बोट पुन्हा चालायला लागलं, पण सावकाश.

त्यांनी डोळे उघडले. या वेळी मालाला नावं ठेवली नाहीत. उठले, हेडफोन काढले आणि माझ्या डोक्यावर चढवले. शिवयोगीला खुणेने सुई पुन्हा पहिल्यापासून ठेवायला सांगितलं आणि माझ्यासमोर येऊन बसले.

सगळं घर बंद झालं. पखवाज माझ्या छातीत वाजू लागला. बाई इतक्या जवळ आल्या की त्यांचा श्वास माझ्या गालाला लागेल असं वाटलं. आणि मग झांज. वाटीच्या काठाला नख लागावं तशी, बारीक आणि लांबत जाणारी. इतकं सुंदर मी काही ऐकलं नव्हतं आणि मला रडू येत होतं.

हे माझ्या ओठांकडे बघत होते. त्यांचे ओठ हलले. "आली?"

नाही म्हटलं तर सगळ्या जगाच्या पेट्या वाईट ठरतील आणि ते मरेपर्यंत चांगली पेटी शोधत राहतील. हो म्हटलं तर आता, इथे, सगळं संपेल. आणि खोटं ह्यांच्यासमोर मला कधी जमलंच नाही. इतकी वर्षं माझा चेहरा वाचत आलेला माणूस. माझा हात आपोआप वर गेला आणि मी तोंडावर पदर आडवा धरला, मिलमध्ये धरायचे तसा. फक्त या वेळी त्या बाजूला गोजरबाई नव्हती.

ते पदराकडे बघत राहिले. मग शिवयोगीकडे बघितलं. शिवयोगी खाली मान घालून तारा गुंडाळायला लागला, रेकॉर्ड चालू असताना. मग ते पुन्हा माझ्याकडे वळले.

काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, कारण माझ्या कानांत गाणं चालू होतं. मी त्यांचे ओठ वाचले.

"पदर काढ, नागू. मला ऐकू येत न्हाय."