हात सैल सोड

"डोस्कं उघडणार न्हाईत न, पोरी?" टेबलावर उताणी पडलेल्या नागुबाईने तिसऱ्यांदा विचारलं.

"नाही मावशी. बाहेरूनच." रेडिएशन विभागातल्या तनुजाने गरम पाण्यात मऊ झालेली प्लास्टिकची जाळी उचलली, निथळली आणि तिच्या चेहऱ्यावर ताणून बसवली. "मान सैल सोडा. हलू नका."

जाळीखालून आवाज आला, "हे तर माझंच बोलणं हाय."

नागुबाई माहूरला गडाच्या पायथ्याशी चाळीस वर्षं बांगड्या भरत होती. हात सैल सोड, हे ती दिवसातून शंभर जणींना सांगे. चार वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे तिचा स्तन काढला होता. आता तो आजार मेंदूत पोचला होता. तीन गाठी, त्यातली मोठी डाव्या बाजूला, उजवा हात चालवणाऱ्या जागेवर. धरलेली बांगडी निसटायला लागली तेव्हा लेक रेणुका तिला रेणापूरला आपल्या घरी घेऊन आली, आणि तिथून लातूरच्या या रुग्णालयात. महिन्याभराने रेणुकाच्या मुलीचं लग्न होतं. नातीचा चुडा आपल्या हातानं भरायचा, एवढंच नागुबाईने डॉक्टरांकडे मागितलं. डॉक्टर स्पष्ट बोलले. आजार जाणार नाही. हात येईल की नाही, सांगता येत नाही.

दहा मिनिटांत जाळी कडक झाली. नाकाचा बाक, हनुवटी, सगळं तिच्यात उतरलं.

पाच दिवस नागुबाई त्या मुखवट्याखाली वीस-वीस मिनिटं एकटी पडून राहिली. तनुजा बाहेरच्या पडद्यावर बघायची. यंत्र डोक्याभोवती फिरायचं. दिसायचं काही नाही, दुखायचंही नाही. किरणं कवटीतून आरपार जायची आणि नेमकी गाठीवर एकवटायची, मिलिमीटरचाही फरक न होता. तनुजाला हे काम करून नऊ वर्षं झाली होती, तरी खोलीचं दार लावताना तिचा आवाज आपोआप खाली यायचा.

दीड महिन्याने नागुबाई तपासणीला आली. दोन गाठी विरल्या होत्या, मोठी आकसली होती. यकृतात मात्र नवे डाग होते. ते तिला सांगून झालं होतं.

"चुडा?" तनुजाने विचारलं.

"भरला की! दोन वाढल्या फक्त." बांगडी फुटली, असं ती कधी म्हणत नसे. "जावई म्हनला, बाजारातून कुनाला बोलवू का? म्या म्हनलं, मंग म्या काय मेले का? आन तुझा हात."

पिशवीतून हिरव्या काचेच्या बांगड्या निघाल्या.

"मावशी, या लहान आहेत. मला दोन-सहा लागतात."

"दोन-चारच लागत्यात. तुझ्या दुकानदाराला भरता येत न्हाई म्हनून मोठ्या इकतो."

तिने उजव्या हाताने तनुजाचा पंजा दाबून अंगठा आत दुमडला. बोटं जराशी थरथरत होती. बांगडी पेरांशी आली तशी ती थांबली.

"सैल सोड."

तनुजाने श्वास रोखला. पंजाच्या हाडांची नावं तिला पाठ होती. ती हाडं एकमेकांच्या इतकी जवळ येतात, हे ठाऊक नव्हतं. काच सरकली. एका पाठोपाठ चार. दुखलं नाही.

आई गेली, हे सांगणारा रेणुकाचा फोन दिवाळीनंतर आला.

कामात अडकतात म्हणून तनुजा एकदा त्या बांगड्या उतरवायला गेली होती. दुकानदाराने दोनदा करून पाहिलं आणि म्हणाला, फोडाव्या लागतील. ती तशीच परत आली. टेबलावर नवा पेशंट आला की ती बांगड्या मनगटावरून वर सरकवते, आणि मग पाण्यातली जाळी उचलते.