दोन हिरवे टाके

हॉटेलातल्या सगळ्यांची ती वहिनी होती. खरं म्हणजे ती एकट्या धाकट्याची, तिच्या दिराची, वहिनी. पण तो वर हॉलमध्ये वेटर, ती खाली तळघरात कपड्यांच्या खोलीत, आणि येता-जाता जिन्यावरून "वहिनी" म्हणून हाक मारल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. मग आचारी तसंच म्हणायला लागले, लिफ्टवाला म्हणायला लागला, आणि एक दिवस खुद्द मॅनेजरच्या तोंडून वहिनी निघालं तेव्हा तिने मान्य केलं की आता हेच आपलं नाव. "एवढे दीर तर मला सासरीसुद्धा नव्हते," असं ती म्हणायची.

लग्न होऊन ती घरात आली तेव्हा हा दीर स्वतःचं नाक पुसता न येण्याच्या वयाचा होता. सासू आधीच गेलेली. तिनेच त्याला न्हाऊ-माखू घातलं, पाटीवर अक्षरं गिरवून घेतली, वेळ आली तेव्हा पाठीत धपाटेही घातले. नात्याने दीर, म्हणून बोलायचं मात्र मानाने. "अहो भावजी, शेंबूड पुसा," हे वाक्य त्यांच्या घरात बरीच वर्षं चाललं. पुढे तिचा नवरा गेला, तेव्हा याच भावजींनी शब्द टाकून तिला हॉटेलात चिकटवलं. घरात आता ती, तिची मुलगी आणि तो. त्याच्या लग्नाचा विषय काढला की म्हणायचा, "पोरीचं शिक्षण होऊ दे, मग बघू." पोरगी शिकतच होती आणि तो बघतच होता.

कपड्यांच्या खोलीत वहिनीचं राज्य होतं. वेटरांचे पांढरे कोट ती धुवायची, कांजी करायची, इस्त्री करून फळीवर रचायची. प्रत्येक कोटाच्या कॉलरखाली आतून रंगीत दोऱ्याचे टाके, ज्याचा त्याचा रंग वेगळा. धाकट्याचे दोन हिरवे. कोट घरी न्यायचा नाही, काम संपलं की तिच्याकडे टाकायचा, सकाळी तिच्याकडून घ्यायचा. खोलीची किल्ली एकच, आणि ती तिच्या कमरेला. मोठं जेवण असलं की बाहेरून जादा माणसं यायची. तेव्हाचा नियम असा होता की हॉलचा कॅप्टन, म्हणजे वेटरांचा म्होरक्या, त्यांना स्वतः खाली घेऊन येणार आणि त्याच्या समोरच कोट दिले जाणार. नियम चांगला होता. पण मोठ्या जेवणाच्या दिवशी कॅप्टनला डोकं खाजवायला फुरसत नसायची. तो माणसांना नुसतं खाली पिटाळायचा, आणि वहिनी समोरच्याच्या खांद्यांवरून नजर फिरवून रजेवरच्या कुणाचा तरी कोट काढून द्यायची. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

मास्तरांच्या जेवणाच्या दिवशीही असंच झालं.

मास्तर म्हणजे एकेकाळी खरोखरच शाळेत शिकवणारे मास्तर. आता निम्मा देश त्यांचा जयजयकार करत होता आणि उरलेला निम्मा त्यांच्या नावाने बोटं मोडत होता. निवडणूक तोंडावर आली होती. दुपारचं जेवण, त्यानंतर भाषण. सकाळपासून हॉटेलच्या दारात माणसांचा महापूर, आत पोलीस आणि अंगरक्षक.

धाकट्याची दाढ आदल्या रात्रीपासून ठणकत होती, गाल टम्म सुजला होता. तरी तो निघाला होता, मास्तरांच्या टेबलावर वाढायचं म्हणून. वहिनीनेच अडवलं. "हे तोंड घेऊन वाढायला उभे राहिलात तर मास्तरांची भूक मरेल. आधी दाढ उपटून या." तिने त्याला दवाखान्यात पिटाळलं आणि एकटीच कामावर आली.

तो माणूस आला तेव्हा वर जेवण सुरू झालं होतं. चाळिशीतला, केस विरळ झालेले, दाढी घोटून केलेली. दारात अदबीने उभा राहिला.

"कॅप्टननी पाठवलंय."

"आता? वर सूप पोचलंसुद्धा असेल."

"उशीर झाला. माझं चुकलं."

वहिनीला तो तिथेच आवडला. त्या हॉटेलात माणसं कपबशी फोडून कपबशीलाच दोष देणारी. 'माझं चुकलं' हे शब्द तिने कित्येक महिन्यांत ऐकले नव्हते. फळीवर एकच कोट उरला होता, धाकट्याचा. माणसाला तो अगदी अंगासरसा बसला. फक्त वरून दुसरं बटण तुटलेलं होतं. ते लावायचं तिच्या आदल्या दिवसापासून डोक्यात होतं आणि राहून गेलं होतं.

"थांबा, अंगावरच लावते. हलू नका, टोचलं तर माझ्या नावाने खडे फोडाल."

तो हलला नाही. सुई टोचताना त्याच्या छातीतली धडधड तिच्या बोटांना लागत होती.

"पहिलाच दिवस?"

"हो."

"मग घाबरता कशाला? जेवायला माणसंच आलीत, वाघ नाहीत." तिने दातांनी दोरा तोडला. मग एक घडी घातलेला नॅपकिन उचलून त्याच्या डाव्या हातावर टाकला आणि दोन्ही टोकं सारखी केली. "हा असा ठेवायचा. पाठ ताठ, नजर खाली. वेटरच्या तोंडाकडे कुणी बघत नसतं."

तो पहिल्यांदाच हसला. "फार उपकार झाले," म्हणाला आणि जिना चढून गेला.

थोड्या वेळाने वर आवाज झाले तेव्हा तिला वाटलं, कुणीतरी मोठा ट्रे पाडला. तिने कपाळावर हातसुद्धा मारून घेतला. मग किंकाळ्या ऐकू आल्या, आणि जिन्यावरून माणसं लोटली. पिस्तूल नॅपकिनखाली होतं. मास्तर खुर्चीतल्या खुर्चीत गेले. अंगरक्षकांनी त्या माणसाला तिथेच गोळ्या घालून पाडलं, त्यामुळे तो कोण, कुणाचा, हे सांगणारं कुणी उरलं नाही. उरला तो अंगावरचा कोट. पोलिसांनी कॉलर उलटी केली आणि विचारलं, हे काय? कॅप्टनच्या तोंडून एका दमात निघून गेलं, "दोन हिरवे टाके."

संध्याकाळी पोलीस वहिनीच्या घरी आले. धाकट्याच्या तोंडात अजून कापसाचा बोळा होता.

"नेमकी आजच दाढ दुखली?" एक शिपाई म्हणाला, आणि ते त्याला घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने सगळ्यांना स्वयंपाकघरात गोळा केलं. "कोट पॅसेजमध्ये खुंटीला होते. कुणीतरी चोराने उचलला. प्रत्येकाने हेच सांगायचं. हॉटेलातून कुणीतरी हाताने कोट दिला, असं बाहेर पडलं तर आपल्याला टाळं लागेल. आणि टाळं लागायच्या आधी बाहेरचे लोक हॉटेल पेटवतील, आपल्यासकट."

पॅसेजमध्ये खुंट्या नव्हत्याच. दुपारपर्यंत सुतार येऊन त्या ठोकून गेला.

कॅप्टन वहिनीजवळ येऊन पुटपुटला, "वहिनी, मी कुणालाच पाठवलं नव्हतं."

"माहीत आहे."

"मग तो तुमच्याकडे..."

"कुणी कुणाला काही विचारू नका," मॅनेजर म्हणाला. "आणि वहिनी, तुम्ही काळजी करू नका. निर्दोष माणसाला किती दिवस डांबून ठेवतील? येईल तो घरी."

वहिनी गप्प बसली. यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही, ती भ्याली होती. शहरात रात्रीची संचारबंदी होती, नुसत्या संशयावरून रस्त्यात माणसं ठेचली गेली होती. आपण बोललो तर आपली मुलगी शाळेतून घरी पोचणार नाही, असं तिला वाटत होतं, आणि ते काही खोटं नव्हतं. येईल तो घरी, येईल तो घरी, असं ती इस्त्री फिरवताना मनाला बजावत होती. तिच्या आयुष्यात तिचं तोंड इतके दिवस बंद राहिलं नव्हतं.

मग रेडिओवर बातमी आली. हॉटेलातल्या वेटरने गुन्हा कबूल केला होता. आदल्या संध्याकाळी आपणच कोट घरी नेला आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर मारेकऱ्याला दिला, असं त्याने सांगितलं होतं.

मुलीने रेडिओ बंद केला. "काका असं का म्हणाला?"

वहिनीला ते विचारायची गरज नव्हती. पोलिसांनी कोट त्याच्यापुढे टाकला असेल, त्या क्षणीच तो ओळखून चुकला असणार. तो कोट फळीवरून हलवणारा एकच हात होता. खोटं बोलताना कान लाल होणारा माणूस, घरात साखर चोरून खाल्ली तरी पकडला जाणारा, आणि त्याने एवढं थोरलं खोटं पोलिसांच्या गळी उतरवलं होतं. पोरीचं शिक्षण होऊ दे, मग बघू. तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

तिने मुलीला सगळं सांगितलं, बटणापासून नॅपकिनपर्यंत.

"तू सांगितलंस तर तुला नेतील."

"हो."

"आणि नाही सांगितलंस तर काकाला फाशी देतील."

"हो."

मुलगी उठली. आईच्या चपला कोपऱ्यात होत्या, त्या तिने आणून दारापाशी सरळ लावून ठेवल्या. मग भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. वहिनीने तिच्या पाठीवरून हात फिरवला, शेजारणीकडे कधी जायचं, पैशांचा डबा कुठे आहे, दोन-चार गोष्टी सांगितल्या आणि निघाली.

पोलीस अधिकाऱ्याला सर्दी झाली होती आणि तो कित्येक दिवस नीट झोपलेला दिसत नव्हता. "बाई, रोज कुणीतरी येऊन मीच केलं म्हणून सांगतं," तो म्हणाला. "तुमच्या दिराने कबुली दिली आहे. त्याला वाचवायला आलात, समजतं मला. घरी जा."

"कोट आणा," वहिनी म्हणाली.

त्याने आधी मान हलवली, मग काय वाटलं कुणास ठाऊक, आणायला सांगितला. कोट टेबलावर आला. रक्त वाळून काळं पडलं होतं. गार पाण्यात लगेच बुडवला असता तर निघालं असतं, असं तिच्या मनात येऊन गेलं आणि तिला स्वतःची किळस आली.

"बाकीची बटणं बघा. गाठ आतून आहे. दुसरं बघा, वरून. त्याची गाठ बाहेर आहे, बटणाखाली. माणसाच्या अंगावर बटण लावलं की सुई आत घालून गाठ मारता येत नाही. ते मी त्याच्या अंगावर लावलं, माझ्या खोलीत, वर जेवण चालू होतं तेव्हा. आदल्या दिवशी तिथे बटणच नव्हतं. आणि वर जेवण चालू होतं तेव्हा भावजी दवाखान्यात तोंड उघडून बसले होते. डॉक्टरला विचारा."

अधिकाऱ्याने बटण नखाने उचलून पाहिलं, मग एकेक करून बाकीची पाहिली. नाक पुसलं. "तुम्ही त्याला ओळखत होतात?"

"नाही. कॅप्टनने पाठवलं म्हणाला, मी विश्वास ठेवला. मोठ्या जेवणाला मी तसाच कोट देते." ती थांबली. इथे गप्प राहिली असती तरी चाललं असतं. "नॅपकिनही मीच त्याच्या हातावर टाकला. कसा धरायचा ते शिकवलं. म्हटलं, वेटरच्या तोंडाकडे कुणी बघत नसतं."

जबानी लिहिणाऱ्या शिपायाचं पेन थांबलं.

"हे सांगायची गरज नव्हती," अधिकारी म्हणाला.

"मला होती."

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. "तो सुटेल. खोटी कबुली दिली म्हणून थोडा त्रास होईल, पण सुटेल. तुमचं मात्र अवघड आहे, बाई. लोकांना कुणीतरी जिवंत माणूस हवाय." मग शिपायाला म्हणाला, "आणा त्याला."

धाकटा आला तो भिंत धरून. वहिनीला बघताच त्याने अधिकाऱ्याकडे तोंड वळवलं. "साहेब, ती काय सांगते ते ऐकू नका. ती खोटं बोलते. कोट मीच..."

त्याचे कान लाल झाले होते. अधिकाऱ्यालाही ते दिसलं.

त्याचा सदरा वरपासून खालपर्यंत उघडा होता. वहिनीला आधी फक्त तेवढंच दिसलं, कारण लहानपणापासून त्याचं हे असंच. "अहो भावजी, हा काय अवतार?"

"बोटं वळत नाहीत, वहिनी," तो म्हणाला आणि हात पुढे केले. बोटं सुजून एकमेकांना चिकटली होती.

ती जवळ गेली. शिपायाने अधिकाऱ्याकडे पाहिलं, अधिकाऱ्याने पुन्हा खिडकीबाहेर. तिने खालून सुरुवात केली आणि एकेक बटण लावत वर आली. वरून दुसऱ्या बटणापाशी त्याच्या छातीतली धडधड तिच्या बोटांना लागली. तीच, तशीच. घाबरता कशाला, हे शब्द सवयीने तिच्या जिभेवर आले, आणि ते आधी कुणाला म्हटले होते ते आठवून तिने गिळून टाकले.

"मान वर कर, बाळा," एवढंच ती म्हणाली, आणि गळ्याजवळचं शेवटचं बटण लावलं.