मी टेबलाखालचा खर्ज

मी बोलतोय ते टेबलाखालून. वर जे दोन टीचभर स्पीकर ऐटीत उभे दिसतात ना, ते माझे धाकटे भाऊ. गाणाऱ्याचा गळा, सनईची फिरत, बातम्यांतल्या बाईचा आवाज, असलं सगळं लोकांच्या नजरेत भरणारं काम त्यांच्याकडे. मी सबवूफर. दाबलेल्या भुशाच्या फळ्यांचा काळा डबा, पोटात एक जाड पडदा आणि कुशीला मूठ जाईल एवढं गोल तोंड. त्या तोंडातून मी खर्ज बाहेर सोडतो. तो कानाला कमी आणि पायाला जास्त कळतो, म्हणून माझी जागा पायाशी.

आधीच सांगून टाकतो, मी स्वभावाने भित्रा आहे. स्वस्तात जन्माला आलेल्या वस्तूला भीती सोबतच मिळते. कारखान्यातल्या बाईने माझ्या पाठीवर टिचकी मारून एकदा ऐकलं आणि मला खोक्यात घातलं. तेव्हापासून मला एकच घोर होता, की कुणीतरी मला नीट ऐकेल आणि माझं बिंग फुटेल. आणि नशीब बघा, मी आलो तो थेट ऐकणाऱ्याच्याच घरी.

लेस्कोवात्स शहरातल्या एका जुन्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर तिहोमिर राहतो. तो पूर्वी शहराच्या रेडिओवर ध्वनी सांभाळायचा. रेडिओ बंद पडला, कान मात्र राहिले. आता तो इंटरनेटवरच्या एका मासिकासाठी संगणकाचे स्वस्त स्पीकर तपासतो आणि कुठले घ्यावेत, कुठल्यांच्या वाटेला जाऊ नये, ते लिहितो. शहरातले लोक त्याचं वाचल्याशिवाय खरेदीला निघत नाहीत. म्हणजे माझ्यासारख्यांचं नशीब या एका माणसाच्या दोन कानांवर ठरायचं. मी इथे पाहुणा नव्हतो, मी परीक्षेला बसलेलो होतो.

पहिल्या दिवशी त्याने मला बाहेर काढलं, उलटंसुलटं केलं, वायर पुरेशी लांब आहे का पाहिलं, आवाजाचं बटण सावकाश फिरवून ते खरखरतं का ते ऐकलं. मग खर्जात वाजणाऱ्या मोठ्या तंतुवाद्याच्या वादनाचा एक जुना तुकडा लावला. तो अगदी हळू आवाजात ऐकतो. इमारतीत राहणारा माणूस स्पीकर हळूच लावणार, मग परीक्षाही हळूच घ्यायची, असं त्याचं म्हणणं. नंतर त्याने एक सूर वरून खाली घसरत आणला. तो कुठे गुबगुबीत होतो, कुठे नाहीसा होतो, ते तो डोळे मिटून ऐकत होता. मी जीव मुठीत धरून वाजत होतो.

"स्वस्त आहे," तो स्वतःशीच म्हणाला, "पण खोटं बोलत नाही."

माझा जीव भांड्यात पडला. पण तो भांड्यात फार वेळ राहिला नाही.

तिहोमिरची आई, स्टामेन्का, त्याच खोलीत असायची. एका भिंतीला तिची चूल आणि ओटा, समोरच्या भिंतीला त्याचं टेबल. तो भिंतीकडे तोंड करून काम करायचा आणि त्याच्या पाठीमागे ती भाज्या निवडायची, विणायची, टीव्ही बघायची. टीव्हीचा आवाज ती पार बंद ठेवायची. तिहोमिर सगळ्यांना सांगायचा, माझ्या कामासाठी आई नुसती चित्रं बघते. मलाही वाटायचं, काय समजूतदार बाई आहे.

फक्त एक गोष्ट तिला सहन होत नसे, ती म्हणजे वारा. या गावात माणसं हृदयाच्या झटक्याला भीत नाहीत तेवढी आरपार वाऱ्याला भितात. त्याला ते प्रोमाया म्हणतात आणि मान आखडण्यापासून मूत्रपिंडापर्यंत सगळ्याचं खापर त्याच्यावर फोडतात. एक खिडकी उघडी असली तर दुसरी उघडायची नाही. ओल्या केसांनी जिन्यात जायचं नाही. अनवाणी तर फरशीवर पाऊलच टाकायचं नाही. आणि मी काय करतो? खर्ज आला की माझ्या कुशीच्या तोंडातून वाऱ्याचा फुत्कार निघतो. त्यात माझा काही इलाज नाही, माझं श्वास घेणंच तसं आहे.

दुसऱ्या दिवशी टेबलाखाली पडलेला लोकरीचा गुंडा काढायला ती वाकली आणि तो फुत्कार तिच्या नडगीला लागला. ती दचकली. तिने हात पुढे करून पुन्हा अजमावलं. तिहोमिरच्या पायात मोजे नव्हते, हेही तिने पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काळजी उमटली.

तिहोमिर पाव आणायला खाली गेला, तेवढ्यात ती आली. हातात लाल किनारीचे नवे लोकरी मोजे होते, हिवाळ्यासाठी विणलेले. त्यातला एक तिने माझ्या तोंडात घातला आणि लाकडी चमच्याच्या दांड्याने आत पार ढकलला. बाहेरून काही दिसेना. मग ती कपाटापाशी गेली. तिथे तिहोमिरचा स्वतःचा जुना सबवूफर होता. नवा कुठलाही सेट आला की त्याची तुलना तो त्या म्हाताऱ्याशी करायचा. त्यालाही तसंच तोंड होतं. दुसरा मोजा तिथे गेला.

"आता खुशाल वाजवा," ती आम्हाला म्हणाली आणि परत विणायला बसली. त्यात रागाचा लवलेश नव्हता. लेकाच्या पायांची काळजी घेतल्याचं समाधान होतं.

संध्याकाळी तिहोमिरने तोच तुकडा लावला. मी सगळी ताकद लावली, पण घशातून नुसतं गुरगुरणं निघालं. तो थांबला. वायरी काढून परत घातल्या. बटण फिरवलं. माझ्या पडद्यावर बोटं टेकवून पाहिलं, तर पडदा नीट हलत होता. त्याच्या कपाळावर आठी आली. मग तो उठला, जुन्या म्हाताऱ्याला वायर जोडली आणि तोच तुकडा पुन्हा लावला. म्हातारासुद्धा गुरगुरला.

तिहोमिर खुर्चीत बसला तो बसूनच राहिला. दोन डबे एकाच दिवशी बिघडत नाहीत, हे त्याला माहीत होतं. राहिले कान. त्याने एका कानात बोट घातलं, मग दुसऱ्यात. त्याचा बाप बॉयलरच्या कारखान्यात होता आणि याच वयात ठार बहिरा झाला होता, हे त्याने आदल्याच दिवशी फोनवर हसत सांगितलेलं मी ऐकलं होतं. आता तो हसत नव्हता. माणसाचा रंग असा उतरताना मी पहिल्यांदाच पाहिला.

त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला. पूर्वी मला माझी भीती होती, आता त्याची वाटू लागली. ज्याचं सगळं जगणं कानांवर, त्याला वाटावं की कानच चालले, आणि खरं कारण माझ्या घशात अडकलेलं असावं! ओरडून सांगावं म्हटलं तर ओरडायचीच सोय नव्हती.

खालच्या मजल्यावरचा व्लादेता दुपारच्या विश्रांतीच्या वेळी पळीने सगळ्या मजल्यांतून जाणारा हीटरचा पाइप वाजवायचा, की आवाज बंद करा. त्याची पळी थांबली तर आवाजच कमी झालाय हे तिहोमिरला उमगेल, अशी मला आशा होती. पण व्लादेताला आवाज ऐकू यायची गरजच नव्हती. तो घड्याळ बघून पाइप वाजवायचा. माझा घसा बुजलेला होता तरी त्याची पळी चुकली नाही.

गाणी ऐकणं तिहोमिरने सोडलं. ओट्यावरचा नळ ठिबकतो का, लिफ्ट कुठल्या मजल्यावर थांबली, असलं काहीबाही कान देऊन ऐकत बसायचा. आईने जेवताना विचारलं, तुझं तोंड का उतरलंय, तर झोप झाली नाही म्हणाला. आईला सांगितलं तर ती काळजीने अर्धी होईल, म्हणून त्याने तोंडाला कुलूप घातलं होतं. मासिकाची संपादक कोसारा, वयाने त्याच्या मुलीसारखी, तिचा फोन आला तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही.

"दुसरं कोणी बघ, कोसारा. माझ्याच्याने आता होणार नाही."

"काय झालं काका? स्पीकर इतके वाईट आहेत?"

"स्पीकरला काही झालेलं नाही. मला खर्ज ऐकू येत नाही. ज्याला ऐकू येत नाही त्याने लोकांना काय घ्या म्हणून सांगायचं?"

हे सगळं तो आईपासून चार पावलांवर, चांगल्या मोठ्या आवाजात बोलला. फोन ठेवल्यावर तो चपापून वळला. आई शांतपणे टाके मोजत होती. तिने वर पाहिलं आणि विचारलं, कॉफी ठेवू का? त्याला वाटलं, तिचं लक्ष नव्हतं. मलाही तसंच वाटलं. आम्ही दोघेही आवाजाच्या धंद्यातले, आणि दोघेही सारखेच बेसावध.

कोसारानेच शेवटी त्याला कानाच्या डॉक्टरकडे धाडलं. तो गेला त्या दिवशी आईने भाजलेल्या लाल मिरच्यांचा ढीग ओट्याशी स्टुलावर बसून सोलायला घेतला होता. इथे पानगळ सुरू झाली की घराघरात हेच चालतं. मिरच्या भाजायच्या, सोलायच्या आणि हिवाळ्यासाठी बरण्या भरायच्या. खिडक्या बंद होत्या, अर्थातच. धुराचा वास माझ्या फळ्यांत मुरत होता आणि मी दाराकडे कान लावून होतो.

तो आला तो बूट न काढताच आत आला. त्या घरात हा गुन्हा आहे. फोन कानाला होता आणि तो कोसाराला सांगत होता, डॉक्टर म्हणाला, या वयाला असे कान फार थोड्यांचे असतात. तो हसत होता, पण गोंधळलेलाही होता. कान शाबूत, म्हणजे दोष डब्यांतच असणार; फोन खिशात टाकून तो सरळ गुडघ्यांवर बसला आणि माझ्या कुशीच्या तोंडात त्याने हात घातला.

मोजा बाहेर आला. मी किती दिवसांनी मोकळा श्वास घेतला म्हणून सांगू! त्याने लाल किनार पाहिली, क्षणभर डोळे मोठे केले आणि कपाटाकडे जाऊन जोडीचा दुसराही ओढून काढला.

"आई," तो दोन्ही मोजे उंच धरून म्हणाला, "हे काय आहे?"

स्टामेन्का पाठमोरी मिरच्या सोलत होती. तिने सोलणं चालूच ठेवलं.

"आई, मी इकडे मरणाच्या भीतीने अर्धा झालो आणि तू माझ्या स्पीकरला मोजे घालून बसलीस?"

तो चिडलेला होता आणि त्याला हसूही येत होतं. उत्तर येईना, तेव्हा त्याला वाटलं, ती मुद्दाम न ऐकल्यासारखं करतेय. मग त्यालाही चेव आला. त्याने तो तंतुवाद्याचा तुकडा लावला आणि बटण फिरवलं ते शेवटपर्यंत. इतक्या जोरात मी आयुष्यात वाजलो नव्हतो. काचेच्या कपाटातले पेले थडथडले, बरणीचं झाकण ओट्यावरून खाली पडलं, खालून व्लादेताची पळी वेळ नसतानाही पाइपवर बडवू लागली.

स्टामेन्काने एक मिरची सोलून संपवली, दुसरी घेतली. मग तिने एक पाय उचलून दुसऱ्या पायाच्या मागे घेतला.

"पोरा," ती मान न वळवता म्हणाली, "कुठे खिडकी उघडी राहिलीय का बघ. पायाला परत वारा लागतोय."

तिहोमिरच्या चेहऱ्यावरचं हसू तिथल्या तिथे विरलं. त्याने हात लांबवून मला बंद केलं. खोलीत एकदम शांतता झाली आणि त्या शांततेनेही ती दचकली नाही. बंद आवाजाचा टीव्ही, फोनवरचं बोलणं, पाठीमागून मारलेल्या हाका, सगळं माझ्या ध्यानात आलं, आणि त्याच्याही आलं असणार. मला स्वतःची लाज वाटली.

तो जाऊन तिच्यासमोर जमिनीवर बसला. तिने मिरचीने लाल झालेले हात बाजूला घेतले आणि त्याच्याकडे पाहिलं. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे.

"आई, तुला ऐकू येत नाही?"

"येतं की," ती म्हणाली. "तू समोर बसलास की सगळं येतं."

तिनेच मग हळूहळू सांगितलं. आधी चिमण्या गेल्या, मग दाराची घंटा, मग त्याचा आवाज. तुझं सगळं आयुष्य आवाजात, तुला कसं सांगायचं, असं तिला वाटत राहिलं. शिवाय बापाचं बघितलंस, आता माझंही कळलं तर तुला स्वतःच्या कानांचा घोर लागेल, म्हणून तिने झाकून ठेवलं. तिहोमिर मान खाली घालून ऐकत होता, आणि त्याने मान खाली घातली की तिला त्याचे ओठ दिसत नव्हते, म्हणून तिने हनुवटीला हात लावून त्याचा चेहरा वर केला. हात लाल होता, तो डाग त्याच्या हनुवटीवर राहिला.

पुढच्या आठवड्यात त्याच डॉक्टरकडे तिला घेऊन जायचं ठरलं आहे. ती म्हणते, बरण्या भरून झाल्यावर जाऊ. मला भीती वाटते, की बरण्यांनंतर कोबी खारवणं येईल, कोबीनंतर घराण्याच्या संताचा वार्षिक सण येईल आणि जाणं राहूनच जाईल. मी भित्रा आहे हे तुम्हाला सांगितलंच आहे.

माझा निकाल अजून लागायचा आहे. काल तिहोमिरने तपासणी पुन्हा सुरू केली, पण आधी टेबल ओढून फिरवलं. आता त्याची पाठ भिंतीला आहे आणि तोंड खोलीकडे, आईकडे. आवाजाच्या हिशोबाने ही जागा अगदी वाईट आहे. मी कोपऱ्यात सापडलोय, माझा खर्ज उगाच फुगतो, भावांचे आवाज त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर आपटून परत येतात. हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. डोळे मिटून ऐकणारा तो माणूस आता उघड्या डोळ्यांनी ऐकतो, आणि तिचे ओठ हलले की मला मध्येच थांबवतो.

तेव्हा जाता जाता त्याला एवढंच सांगायचं आहे. माझ्याबद्दल काय लिहायचं ते लिही बाबा. खर्ज फुगतो म्हण, घेऊ नका म्हण, खोक्यात घालून परत पाठव. पण माझ्यामागून जो कोणी येईल, त्याचा आवाज नीट लागावा म्हणून हे टेबल पुन्हा भिंतीकडे फिरवू नकोस.