तेजलच्या हातावरची लाल हळद

उमरोळीच्या त्या अंगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पुंजारामबुवाने गरोदर तेजलच्या हळद लावलेल्या तळहातांवर लोट्यातलं तीर्थ शिंपडलं, आणि हळद रक्तासारखी लाल झाली. बायांनी तोंडाला पदर लावले.

"पोर मी दिलं, पन बाधा अजून आत हाय!" बुवा गरजला. "डॉक्टरच्या गोळ्या खाल्ल्या तर ती पोराला खाईल."

बाधेच्या खाण्यापिण्याची बुवाला फारच बारीक माहिती! सासू दमयंतीने गोळ्या परवाच काढून घेतल्या होत्या. तेव्हापासून तेजलचं डोकं ठणकत होतं. आता पाठीत, खांद्यांच्या मधोमध, जीवघेणी कळ आली.

"आई, पाठ फाटतेय माझी."

"बाधा निघत हाय," बुवा म्हणाला. "कोनी हलायचं नाय."

तेजल हादरली. तिच्यात जन्मतः एक गुणसूत्र कमी. अशा बाईची हृदयाजवळची मोठी रक्तवाहिनी गरोदरपणात फाटू शकते, रक्तदाबाची गोळी चुकवू नको, कळ आली तर तडक ये, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पण लोक काय म्हणतील म्हणून तिने आणि नवऱ्याने, प्रीतमने, घरात या दुखण्याचं आणि उपचारांचं अवाक्षर काढलं नव्हतं. त्यामुळे दिवस राहिल्याचं आयतं श्रेय बुवाला मिळालं होतं.

तिने लोटा हिसकावला आणि तिला हळद लावताना माखलेल्या दमयंतीच्या हातावर ओतला. तोही लाल झाला.

"आता आईंना पन बाधा झाली काय? चुन्याचं पानी हाय हे! हळदीवर पडलं की लाल होतं, शाळेत केलंय आमी."

लोट्याच्या तळाशी पांढरा गाळ दिसला. बुवा चवताळला. "मग पोर कोनी दिलं?"

"माझ्या अंगात बीज तयारच होत नाय. दुसऱ्या बाईनं तिचं बीज दिलं. डॉक्टरांनी त्याचा गर्भ करून माझ्या पोटात ठेवला. यात पाप नाय, बाधा नाय!"

प्रीतम रिक्षा आणायला धावला. पालघरच्या वाटेवर तेजलचे ओठ पांढरे पडले.

"पोर आपलंच ना गं?" दमयंतीने हळूच विचारलं.

"मी वाढवतेय ना, आई."

दवाखान्यात कळलं, हृदयाजवळच्या त्या रक्तवाहिनीला चीर गेली होती. मोठी शस्त्रक्रिया झाली. तेजल वाचली, पोर वाचलं नाही.

शुद्धीवर आल्यावर तिने पोटावर हात ठेवला. दमयंतीला तिच्याकडे बघवेना. "मला आधी सांगितलं असतंस तर," ती एवढंच म्हणाली.

दुखणं लपवू नका. त्यात लाजण्यासारखं काही नसतं. आणि डॉक्टरांची गोळी कुणा बुवाच्या शब्दावर बंद करू नका.