न बोलता दुरुस्त केलेलं

बटणामागची गाठ तिची नव्हती. पांढऱ्या फ्रॉकच्या पाठीवरचं शेवटचं, मोत्यासारखं बटण आशालतानं चिमटीत धरून उलटं केलं – दोऱ्याचे वेढे, मग बारीक, चपटी गाठ, कापडात जवळजवळ जिरलेली. आपली गाठ अशी नसते... आपली जाड होते, बोटाला लागते. आणि हे बटण काल संध्याकाळी सगळ्याजणी गेल्यावर आपणच इथं बसून लावलं होतं, कारण हंसानं ते तिरपं लावलं होतं. तिला काही बोलले नाही. उगाच पोरीचं मन कशाला दुखवायचं? काढलं, पुन्हा लावलं, घडी घालून फ्रॉक तिच्या मशीनवर ठेवून दिला. आणि आज तो टेबलावर परत आला, तो ही गाठ घेऊन.

काचेपलीकडे मशिनं चालू होती. उमेळे गावात केळीची वाडी तोडून उभ्या राहिलेल्या इमारतीचा हा तळमजल्यावरचा गाळा. मागच्या खिडकीतून उरलेल्या केळी दिसत, पुढच्या दारातून सिमेंटचे ट्रक. मला, म्हणजे त्या आशालतालाच, तो अजून दिसतो – मे महिन्यात चर्चमध्ये पहिला ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्या मुलींचे पांढरे फ्रॉक, उकाडा असूनही बंद ठेवलेले पंखे, कारण कापड उडायचं, आणि कोपऱ्यात ती काचेची केबिन, विलासनं हौसेनं करून दिलेली. "आता बायको साहेब झाली," तो म्हणाला होता, "साहेबाला केबिन नको?" मुंबईतल्या बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन तिनं हे सुरू केलं, तेव्हा मनाशी एकच ठरवलं होतं, की माझ्याकडे कोणी कोणावर ओरडणार नाही. बँकेतला मॅनेजर सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा ओरडे. ज्याच्यावर ओरडे त्याचे कान लाल होत आणि बाकीचे टेबलाकडे बघत बसत. तसं इथं नको. हे घरच समजा, असं ती पहिल्या दिवशी म्हणाली होती, आणि कार्मिन आणि आग्नेस, शिवायला आलेल्या दोघींनीही माना डोलावल्या होत्या.

हंसा नंतर आली, मनवेलपाड्याहून. आज तिचा शिकाऊ महिना भरत होता. ठेवायची की नाही, हे संध्याकाळी सांगायचं होतं. "इथं टिकली तर बरं, मॅडम," ती म्हणाली होती, "नायतर घरचे परत बाहेर सोडनार नाय." हात जड होता तिचा. पण अलीकडे तिच्या झालरी सुधारल्या होत्या, चुण्या एकसारख्या पडत होत्या, आणि त्याचा आशालताला आनंद झाला होता – न ओरडताही माणूस शिकतं, आपण म्हणत होतो तसंच... तिनं ढिगातून हंसाच्या झालरी ओढल्या, एकेक उलटी केली. सगळीकडे तीच चपटी गाठ. कार्मिनची.

फसवणूक, हा शब्द आधी आला. त्यामागून येणारे शब्द तिला बँकेतले वाटले, म्हणून ती थांबली.

मग उठली. दाराच्या मुठीला हात लागायच्या आत आग्नेस खोकली, आणि कार्मिनच्या मांडीवरची झालर हंसाच्या मशीनवर गेली. आग्नेसला खोकला पहिल्यापासूनच – त्यासाठी आशालतानं तिला अडुळशाचं औषध आणून दिलं होतं, एक बाटली संपल्यावर दुसरी, आणि आग्नेसनं ते झाकणात ओतून सगळ्यांसमोर प्यायलं होतं, अगदी मन लावून. आता आठवू लागलं, की ती खोकायची ती फक्त मी उठल्यावर. मी मुठीकडे गेलेला हात मागे घेतला आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसले. हसू येत होतं. पण ते हसू कोणाबरोबर हसायचं, तेच कळत नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत मशिनं थांबली. आशालतानं दार थोडं उघडं ठेवलं होतं, आणि डब्यातली भाजी पुढ्यात घेऊन ती मान खाली घालून बसली.

"काय गं आग्नेस, आज अगदी टीबी झाल्यासारखी खोकलीस," कार्मिन म्हणाली.

"मग काय करू? तुझं ध्यान नसतं. पुढच्या वेळी देवळातली घंटाच आणते."

"मॅडम अजून एक बाटली आनतील," हंसा म्हणाली.

"आणू दे की. गोड लागतं. माझ्या नातवालाही आवडतं."

त्या हसल्या. मग हंसाचा आवाज हळू झाला. "पन त्या ओरडत का नाय? माझी आई ओरडायची आनि विसरून जायची. या नुसत्या उचलून नेतात. मग घरी जाऊन पन डोक्यात तेच, काय चुकलं असंल..."

"आणि परत देतात ते बघितलंस का?" कार्मिन म्हणाली. "देवा! बटणामागं वाटाणा चिकटवल्यासारखी गाठ. तसाच फ्रॉक दुकानात गेला असता तर नाव कोणाचं खराब झालं असतं? तुझं उसवायचं, मग त्यांचं उसवायचं. दोन दोन शिकाऊ झाल्यात मला!"

आशालताचा घास हातातच राहिला. गिरगावच्या दोन खोल्यांत सासूबाई तिला कधी एका शब्दानं बोलल्या नव्हत्या. तिनं घासलेलं पातेलं त्या उचलत आणि पुन्हा घासत, तिनं लाटलेली पोळी घडी मोडून पुन्हा लाटत – शांतपणे, जणू ती तिथं नव्हतीच. सगळी चाळ म्हणायची, आशा, नशीब काढलंस, अशी सासू... एकदा दूध करपलं तेव्हा शेजारच्या कमळीनं मोरीत बसून ते भांडं राखेनं खरवडून दिलं होतं, आणि पदराखाली झाकून परत आणलं होतं. त्या घरात मी तगले ती त्या पदरामुळे.

घरच समजा, असं आपण म्हणालो. त्यांनी समजलं.

दुपारभर ती काहीच करत नव्हती. हंसाला सांगायचं वाक्य सकाळी तयार होतं – तुझी मेहनत दिसते, पण... – आता त्यातला 'पण' कुठं ठेवायचा, ते सुचेना. पाचच्या सुमाराला ती फ्रॉक हातात घेऊन बाहेर आली. आग्नेसचा खोकला अर्ध्यावरच राहिला, कारण फ्रॉक उलटा होता आणि बटणाची मागची बाजू वर होती.

"मला हे नीट जमत नाही," आशालता म्हणाली. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा आला.

मशिनं थांबली. कार्मिननं फ्रॉककडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"नाही जमत," कार्मिन म्हणाली.

आग्नेसनं तोंडाला रुमाल लावला. कार्मिननं पायानं एक स्टूल पुढे सरकवलं. "बसा. ही झालर धरा ताणून. अशी नाही, मॅडम. अंगठा वर. वर म्हटलं ना... हां."

अंगठा वर करून ती बसून राहिली. कोणीतरी तिला, अशी नाही, असं म्हटल्याला किती वर्षं झाली असतील? लागलं, पण कुठं ते सापडेना.

"मॅडम, उद्या येऊ ना?" हंसानं विचारलं.

आशालतानं मान वर केली. हंसाची नजर तिच्यावर नव्हती, कार्मिनवर होती; आणि कार्मिन सुईत दोरा ओवत होती, घाई नसल्यासारखी. उत्तर द्यायला हवं होतं, आणि ते आपणच द्यायचं होतं, गाळा आपला होता... पण तेवढ्यात तिच्या मनात आलं, की उद्या आपल्यालाही या स्टुलावर बसायला यायचं आहे, आणि ते कोणाला विचारावं, हे तिला कळेना.