हवी तेवढीच हवा

मी एक जुनी ट्यूब आहे. सायकलच्या मागच्या चाकातली, टायरच्या आत राहणारी. मित्रांनो, टायर तुम्ही रोज पाहता, त्याच्या नक्षीवरून बोटही फिरवता. मला मात्र कुणी पाहत नाही. मी दिसले, याचा अर्थच असा की काहीतरी बिघडलं आहे.

माझा जन्म कारखान्यातला. गरम रबर, साचा, मग अंगभर पांढरी पावडर आणि घडी घालून पुठ्ठ्याच्या खोक्यात मुक्काम. खोक्यातून निघाले ती थेट टायरमध्ये, म्हणजे एका अंधारातून दुसऱ्या अंधारात. लोक म्हणतात, अमक्याच्या डोक्यात हवा गेली. आमच्या तर सगळ्या अंगातच हवा, आणि तीच आमची कमाई! ती गेली की आमच्यात आणि चिंधीत काही फरक उरत नाही.

रस्ता मी कधी पाहिला नाही, पण ओळखायला शिकले. डांबर गुळगुळीत लागतं, विटांची गल्ली गुदगुल्या करते आणि गटाराच्या झाकणाची कड पोटात गुद्दा मारते. वर काय चाललंय हे जाणून घ्यायची मला फार हौस. पहिल्यांदा खिळा घुसला तेव्हा दुखलं, खोटं कशाला बोलू? पण पंक्चरवाल्या काकांनी मला बाहेर ओढलं आणि मी उजेड पाहिला. त्यांनी मला घमेल्यातल्या पाण्यात बुडवलं, तसे माझ्या छिद्रातून बुडबुडे निघाले. गोल, चमकणारे, एकामागून एक. आपल्या पोटात इतकं सुंदर काही आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

तेव्हाच मला कॅरियरवरची लाकडी पेटी दिसली. झाकण घट्ट बंद, फटीतून भुसा डोकावत होता. आत काय असेल? विचार करते तोवर काकांनी कानस घासली, सोल्युशन लावलं, ठिगळ चिकटवलं आणि मला पुन्हा आत कोंबलं. प्रश्नही माझ्याबरोबर अंधारात आला. तेव्हापासून, काय सांगू, मी पुढच्या पंक्चरची वाटच पाहू लागले.

सायकल चालवायची वहिनी. तिची नणंद तिला वहिनी म्हणायची, म्हणून मीही म्हणते. दर आठवड्याला ती पेटी नणंदेच्या घरी पोचवायची आणि रस्ता खराब लागला की खाली उतरून सायकल हाताने ढकलायची. एवढं जपून काय नेत असेल? मला वाटायचं काचेची भांडी असतील. कधी वाटायचं, कुणाचं तरी झोपलेलं बाळच असेल.

मग दादांनी, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याने, सायकलला मोटर बसवली. घरात केवढा आनंद! वजन वाढलं, वेग वाढला, आणि दादा पंप घेऊन माझ्यामागे लागले.

"मोटरची गाडी आहे, हवा फुल्ल पाहिजे," म्हणत त्यांनी मला इतकं फुगवलं की टायर दाबून बघणाऱ्याचा अंगठाच दुखावा. गाडी सुसाट पळू लागली. शेजारी कौतुक करायचे आणि मीही फुगून जायचे, दोन्ही अर्थांनी.

पण एक गोष्ट मला खुपत होती. सीटखालच्या दोन स्प्रिंगा सोडल्या तर या गाडीला स्प्रिंग नव्हतीच, आणि त्या दोन बसणाऱ्यापुरत्या. रस्ता आणि पेटी यांच्यामध्ये नरम अशी मी एकटीच, आणि मीच आता दगड झाले होते. पूर्वी खडा लागला की त्याचा धक्का मी पोटात घालायचे. आता तो तसाच टणकन वर जायचा.

एके दिवशी नणंदेच्या दारात गाडी थांबली आणि वर बोलणं सुरू झालं.

"वहिनी, याही वेळी निम्मी अंडी उबली नाहीत गं."

अंडी! मी इतकी वर्षं अंडी वाहत होते तर!

"तुमचं उबवणीचं मशीनच बिघडलं असेल, ताई."

"माझ्या मशीनला नावं ठेवू नकोस. तुझा कोंबडाच म्हातारा झालाय."

"म्हातारा? पहाटे कुणाला झोपू देतो का, शेजाऱ्यांना विचारा!"

"चेष्टा नको, वहिनी. पिल्लं सांगून ठेवलेले लोक माझ्या दारातून परत जातात. या खेपेलाही असंच झालं तर मला अंडी दुसरीकडून घ्यावी लागतील. आपलं नातं आहे तसंच राहील, पण हे काम नाही राहणार."

कोंबड्या वहिनीने मुठीएवढ्या होत्या तेव्हापासून वाढवलेल्या. घरात स्वतःचं म्हणावं असं तिचं तेवढंच काम होतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अगं बायांनो, खाली बघा! पण ट्यूबला आवाज एकच, आणि तो फुटताना येतो.

पुढच्या खेपेला वहिनीने पेटीत दुप्पट भुसा भरला. निघताना ती कंबर धरून पुटपुटली, "या गाडीने हाडं खिळखिळी केली माझी." मग दादांचा डोळा चुकवून तिने व्हॉल्व्हची टोपी काढली आणि नखाने आतली पिन दाबली. फुस्स!

काय ते सुख! मी सैलावले. खडे माझ्या पोटात बुडायचे आणि तिथेच विरायचे. गाडी जरा जड चालत होती, म्हणून वहिनीही सावकाश निघाली होती. पण अति तिथे माती. काकांच्या दुकानाच्या अलीकडे गटाराच्या झाकणाची कड आली. पोटात पुरेशी हवा नाही, तेव्हा मी पार चेपले आणि वरून लोखंडी रिम, खालून ती कड, अशा दोघांच्या मध्ये सापडले. होती नव्हती ती हवा पाच पावलांत गुल झाली.

काकांनी मला घमेल्यात बुडवलं, छिद्र शोधलं, ठिगळ लावलं, परत चाकात घातलं. हवा भरली, आणि मी पुन्हा खाली बसले.

"हात्तिच्या!" काका कपाळावर हात मारून हसले. "हा रिमचा चावा आहे. साप कधी एका दाताने चावतो का? दोन छिद्रं असणार, मी घाईत एकच बघितलं." दुसरं व्हॉल्व्हच्या बुडाशी निघालं. तिथे ठिगळ धरत नाही. "आता नवी ट्यूबच घाला," ते म्हणाले.

इतक्यात उशीर का झाला म्हणून नणंद शोधत आली. हातात अंडी तपासायची तिची टॉर्च होती.

"फुटली असतील सगळी," म्हणत तिने तिथेच पेटी उघडली. मी घमेल्याच्या काठावर लोंबकळत होते. अखेर मला अंडं दिसलं! तिने ते टॉर्चवर धरलं, तसं ते आतून केशरी उजळलं. त्याच्या रुंद टोकाशी एक फिकट, रिकामी जागा होती.

"नवल आहे," नणंद म्हणाली. "मागच्या खेपेला ही आतली हवा बुडबुड्यासारखी इकडून तिकडे पळत होती. मला वाटलं, कोंबड्याच अशक्त. आज बघ, जागची हलत नाही."

अंड्याच्या पोटातही हवा असते? माझ्यासारखी?

"आज हवा कमी होती ना," वहिनी सहज बोलून गेली.

"अंड्यात?"

"चाकात हो, ताई!"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग चाकाकडे. मग मोटरकडे.

"वहिनी, ही मोटर कधी बसवलीस गं?"

"तुमची अंडी बिघडायला लागली ना," वहिनी हळूच म्हणाली, "त्याच्या जरा आधी."

मग काय! नवी ट्यूब बसली आणि पेटीच्या जागी काकांनी पाण्याने भरलेला वाडगा ठेवला. वहिनी गल्लीत फेऱ्या मारू लागली. हवा फुल्ल केली तेव्हा अर्धं पाणी तिच्या पाठीवर आलं. फार कमी केली तेव्हा टायर बसला आणि रिम जमिनीला टेकायला आली. मग थोडी वाढव, थोडी सोड, असं करत एकदा ती परतली तेव्हा वाडगा जवळजवळ भरलेला होता. काकांनी हवेचा काटा लावून आकडा सांगितला आणि वहिनीने तो खिळ्याने मडगार्डवर कोरून ठेवला.

दादा दुकानापाशी पोचले तेव्हा त्यांनी सवयीने अंगठा पुढे केला.

"अहो, अंगठा आवरा. आता काटा बघायचा," वहिनी म्हणाली.

"आणि दादा," नणंद म्हणाली, "चाकातली कमी केलीय, आता तुझ्या डोक्यातलीही थोडी कर." दादा ओशाळून हसले.

मला कोपऱ्यातल्या भंगारात टाकणार, तेवढ्यात नणंदेने उचललं. "ही मला हवी." घरी नेऊन तिने माझ्या पट्ट्या कापल्या आणि उबवणीच्या मशीनमध्ये ट्रेखाली बसवल्या, ट्रे सरकवताना अंड्यांना धक्का लागू नये म्हणून. तीच अंडी, त्याच खेपेची. माझी अर्धीमुर्धी हवा ज्यांच्या कामी आली होती ती.

वहिनी रोज संध्याकाळी यायची आणि मशीनच्या काचेला नाक लावून उभी राहायची. तिसरा आठवडा संपत आला तेव्हा माझ्या डोक्यावर टकटक ऐकू आलं. आवाज अंड्याच्या आतून येत होता.

"अंड्यातल्या त्या हवेतच पिल्लू पहिला श्वास घेतं," नणंद हळू आवाजात सांगत होती. "मग कवच फोडतं. ती हवा जागची सुटली की बिचाऱ्याचं काही खरं नाही."

वहिनीचे डोळे भरले. आधीच्या खेपांची अंडी तिला आठवली असावीत. मलाही आठवली.

एक कवच तडकलं, मग दुसरं, मग ट्रेभर किलबिल सुरू झाली. नणंद पिल्लं मोजायची, चुकायची, पुन्हा मोजायची. शेवटी मोजणं सोडून तिने विचारलं, "वहिनी, पुढची खेप कधी आणतेस?"

माझ्या डोक्यावरच्या ट्रेत एक ओलं, वेडंवाकडं पिल्लू बाहेर पडलं आणि उजेडाकडे टकामका बघू लागलं. मला माझं पाण्याचं घमेलं आठवलं.

मित्रांनो, गाडीवर बसण्याआधी एकदा खाली वाकून चाकाकडे बघत जा. कमी नको, जास्त नको, हवी तेवढीच हवा भरा. वर कोण बसलंय, मागे काय बांधलंय, हे आम्हाला अंधारात दिसत नाही. तिथे कुणाचा तरी पहिला श्वासही असू शकतो.