संध्याकाळची केबल

आमच्या घरात इंटरनेट कुठलं घ्यायचं यावर जेवढी भांडणं झाली, तेवढी माझ्या लग्नावरूनही झाली नव्हती. आणि ते तर मोडलं होतं.

फायबर घ्यायचं म्हणजे हॉलच्या भिंतीला भोक पाडणं आलं. अप्पा, म्हणजे माझे वडील, रंगारी. जन्मभर लोकांच्या भिंती रंगवल्या, स्वतःच्या हॉलला वेळ मिळाला तो गेल्या वर्षी. त्या भिंतीजवळ नुसतं ड्रिल नेलं तरी ते आडवे उभे राहायचे. केबलचं तसं नव्हतं. टीव्हीची तार आधीच घरात होती, तिलाच मोडेम जोडला की काम झालं.

"महिनाभर वापरून बघा. नाही पटलं तर काढून नेतो," केबलवाला म्हणाला. अप्पांनी लगेच एक अख्खा सिनेमा न अडकता बघितला आणि निकाल देऊन टाकला.

मला काळजी होती चिमणीची. चिमणी म्हणजे माझी धाकटी बहीण. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, पण हात असे भराभर चालतात की अप्पांनी लहानपणीच तिची चिमणी करून टाकली. आम्ही सगळे तिच्याशी हातांनीच बोलतो. आता ती लग्न होऊन दूरच्या शहरात असते आणि तिला सातवा महिना लागलाय. तिच्याशी बोलताना आवाज गेला तरी बिघडत नाही, चित्र मात्र अडकून चालत नाही.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावला. चिमणी लख्ख दिसली, अगदी कानातल्या डुलांसकट. आईला तिला काहीतरी विचारायचं होतं आणि ते कधीपासून मनात घोळत होतं. मेसेज कर म्हटलं तर "असलं कुणी लिहून विचारतं का?" म्हणून तिने मलाच झापलं होतं. आता ती पुढे सरसावली आणि हातांनी विचारलं, "बाळंतपणाला मी येऊ? चांगली दोन-तीन महिने राहीन."

चिमणीने हसून मान डोलावली.

झालं! आईचे पाय जमिनीवर ठरेनात. माळ्यावरून बॅग निघाली, शिलाई मशीन दिवसभर खडखडू लागली, आणि अप्पांना गॅस पेटवण्यापासून स्वयंपाक शिकवणं सुरू झालं. "ही केबल आपल्याला लाभली हो," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

मग एका रविवारी सकाळीच कॉल लावला. आईने कौतुकाने भरलेली बॅग दाखवली. चिमणीने विचारलं, "कुठे निघालीस?"

"अगं, तुझ्याकडे! तूच हो म्हणालीस ना?"

चिमणीचे हात मांडीवर पडले. मग ते उचलून तिने सांगितलं, "संध्याकाळी तुम्ही धड दिसतच नाही. हात तुकड्या-तुकड्यांनी येतात. मी आपली मान डोलावते."

"नंतर करते," असं खुणावून आईने फोन ठेवला आणि आत निघून गेली.

मी केबलवाल्याला फोनवर धारेवर धरलं. तो म्हणाला, "ताई, आमच्या केबलवर घरात येणारी वाट रुंद असते, बाहेर जाणारी अरुंद. त्यात संध्याकाळी अख्खी गल्ली त्याच वाटेवर. पण तुम्हाला त्या नीट दिसत होत्या ना?" दिसत होती. म्हणून तर आम्हा शहाण्यांपैकी एकानेही तिला कधी विचारलं नव्हतं, की बाई, आम्ही दिसतोय का?

"पाडा भोक," अप्पा भिंतीकडे न बघता म्हणाले. "फायबरवाल्याला बोलव."

घोडं अडलं ते आईपाशी. "काही नको. केबलच राहू दे."

"आई, तिला तू दिसत नाहीस!"

"आणि दिसले, आणि ती नाही म्हणाली तर?"

माझं डोकंच फिरलं. "म्हणू दे की! बाळ तिचं, घर तिचं. तिचा नकार ऐकायचा नसेल, तर तिचा होकार तरी काय चाटायचाय?" बोलून गेले आणि आईचा चेहरा बघून मलाच रडू आलं.

आई उठली. तोंड धुऊन आली, केस नीट केले आणि फोनसमोर बसली. अजून सकाळच होती, गल्ली झोपलेली होती. मी आधी चिमणीला विचारलं, "दिसतंय?" तिने अंगठा दाखवला. मग आईने तोच प्रश्न पुन्हा विचारला.

चिमणीने या वेळी मान डोलावली नाही. सावकाश हात हलवत तिने सांगितलं, "पहिला महिना आम्ही दोघं आणि बाळ, एवढेच राहतो. मला माझं जमतंय का ते बघायचंय. मग ये, हवी तितकी राहा." मग म्हणाली, "ऑफिसात, दुकानात, दवाखान्यात लोक नुसती तोंडं हलवतात आणि मी दिवसभर मान डोलावते. तुमच्यासमोरही तेच करायला लागले होते."

आई हसत हसत मान डोलावू लागली. डोलावतच राहिली.

चिमणीने तिच्याकडे बोट दाखवलं. "कळलं म्हणून डोलावतेस, की नुसतीच?"

आईची मान थांबली. तिने मांडीवरचे हात उचलले.

"वाईट वाटलं," तिने सांगितलं. "खूप वाईट वाटलं मला."